तटाच्या आतली गावं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जर्मनीतल्या न्योर्डलिंगन गावाच्या तटावरून मारलेल्या फेरीबद्दल लिहिलं आणि त्यावर भरभरून पत्रं आली. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण ‘गाव नेमकं इथेच का वसलं?’ हा माझा सर्वात लाडका प्रश्न एवढ्या जणांनी एकदम विचारल्याचं आठवत नाही. मनापासून आनंद झाला. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न: ताई, न्योर्डलिंगन उल्कापाताच्या विवरात आहे असं तुम्ही लिहिलंत. मग त्याचा गोल तट विवराच्या काठावरच बांधला आहे का? (बारावीत शिकणारी वाचक)

उत्तर: नाही गं. दोन्ही गोल आहेत हा योगायोग. हवाई छायाचित्र पाहिलं की पुष्कळांची अशी गल्लत होते. आकडे शेजारीशेजारी मांडून बघ. रीस नावाचं ते विवर सुमारे २४ किलोमीटर रुंद आहे आणि तटाच्या आतलं गाव जेमतेम एक किलोमीटर. भल्यामोठ्या परातीत एक वाटी ठेवावी तसं ते गाव आहे, आणि ती वाटीही मधोमध नाही, एका अंगाला सरकलेली.

गाव गोल झालं ते माणसांमुळे. सपाट, कसदार जमिनीवर रस्ते येऊन मिळत होते, तिथे व्यापार चालायचा. इथल्या जत्रेचा उल्लेख १२१९ सालापासून सापडतो. बाजाराभोवती घरं आली, घरांभोवती पहिला तट आला, आणि मग वेशीबाहेरही वस्ती वाढत गेली. चामडं कमावणाऱ्यांना वाहतं पाणी लागतं, त्यामुळे त्यांची घरं एगर नदीच्या प्रवाहालगत. ती उंच घरं आजही उभी आहेत. १३२७ मध्ये लुडविग राजाने या बाहेरच्या वस्त्यांनाही पोटात घेणारा नवा तट बांधायला लावला. आता तुझं गणित आठव. तेवढ्याच लांबीच्या भिंतीत सर्वात जास्त जागा कोणत्या आकारात मावते? वर्तुळात. भिंतीच्या प्रत्येक हाताला दगड लागतो, पैसा लागतो, रात्री जागणारा पहारेकरी लागतो. मध्ये डोंगर किंवा मोठी नदी आडवी येत नसेल तर तट गोलाकडेच झुकतो. पहिला तट कुठून जात होता तेही नकाशावर सापडतं: गावाच्या आत एक वळत जाणारा रस्ता दिसेल, तो त्या जुन्या तटाच्या रेषेवरचा आहे.

विवराचं आणि गावाचं खरं नातं दगडात आहे. मधल्या चर्चच्या मनोऱ्याला तिथे ‘डॅनिएल’ म्हणतात. उंची सुमारे ९० मीटर. त्याच्या पायथ्याशी मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होते. राखाडी, खरखरीत दगड, आणि त्यात काळपट काचेचे वेडेवाकडे तुकडे रुतलेले. या दगडाला सुएव्हाइट म्हणतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली तेव्हा खडकाचा चुरा झाला, काही भाग वितळला आणि सगळं एकत्र थिजलं. तोच दगड खाणीतून काढून माणसांनी देऊळ बांधलं, तो कुठून आला याची काहीच कल्पना नसताना! शास्त्रज्ञही बराच काळ याला ज्वालामुखीचं काम समजत होते. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना इथल्या खडकात कोएसाइट सापडलं. हे खनिज प्रचंड दाबाशिवाय तयार होत नाही, आणि तसा दाब उल्कापातातच निर्माण होऊ शकत होता. पुढे १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावरचे खडक ओळखायचा सराव करायला इथे आले होते.

मनोऱ्याच्या साडेतीनशे पायऱ्या चढून वर गेलीस की सगळा धडा एका नजरेत येतो. आधी लाल कौलांचं वर्तुळ, मग शेतं, आणि पार क्षितिजाशी झाडीने भरलेली ठेंगणी डोंगररांग. ती रांग म्हणजे विवराचा काठ. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी अजूनही ‘झो, गझेल, झो’ अशी हाळी देतो. मी खालच्या चौकात उभं राहून ती ऐकली. वरून आलेला तो एकट्या माणसाचा आवाज कौलांवरून पसरत गेला, आणि तट कशासाठी असतो हे पुस्तकाबाहेर पहिल्यांदा जाणवलं.

प्रश्न: इटलीतल्या पाल्मानोवाचं नऊ टोकांच्या ताऱ्यासारखं चित्र पाहिलं. एवढी सुंदर आकृती निव्वळ शोभेसाठी काढली असेल का? आणि असल्या गावात राहायला कसं वाटत असेल?

उत्तर: त्या आकृतीत शोभेसाठी ओढलेली एकही रेघ नाही. तारा काढायला लावला तो तोफेने. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स चाकांवरच्या काशाच्या तोफा आणि लोखंडी गोळे घेऊन इटलीत उतरला, तेव्हा जुन्या उंच, सडपातळ भिंती किती दुबळ्या आहेत ते उघडं पडलं. त्यानंतर तट बुटके झाले, रुंद झाले, आत माती भरली गेली. गोळा दगडाला फोडतो; मातीत नुसता रुततो.

राहिला बुरूज. गोल बुरुजाच्या अगदी पायाशी एक छोटा टापू असा उरतो की तो शेजारच्या कुठल्याच बुरुजावरून दिसत नाही. शत्रू तिथे पोचला की निवांत सुरुंग लावू शकतो. तो टापूच बुरुजाच्या पोटात घेऊन पुढे टोक काढलं, तर बुरुजाच्या दोन्ही बाजू सरळ होतात आणि शेजारच्या बुरुजाच्या बगलेतली तोफ त्या बाजूंना समांतर मारा करू शकते. लपायला जागा राहत नाही. एका कागदावर दोन बुरूज काढून पट्टीने नजरेच्या रेषा ओढून बघा. तारा तुमच्या हातून आपोआप तयार होईल.

आता जागा बघा. ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीच्या त्या मैदानात तुर्की घोडदळाच्या धाडी येऊन गेल्या होत्या, आणि व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने बांधलेलं ग्रादिस्का हे तटबंद गाव १५११ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात गेलं होतं. पूर्वेची वाट उघडी पडली होती. आधाराला टेकडी नाही, वळसा घालणारी नदी नाही. निसर्गाने काहीच दिलं नाही, तेव्हा सगळं भूमितीने करायचं ठरलं. ७ ऑक्टोबर १५९३ रोजी पाया घातला गेला. मधोमध षट्कोनी चौक, तीन वेशी. नऊ बाजूंच्या आकृतीत एका बाजूच्या बरोबर समोर कोपरा येतो, म्हणून चौकात उभं राहून एका वेशीकडे तोंड केलंत तर पाठीमागचा रस्ता बुरुजाकडे जातो. फारच देखणी मांडणी.

पण राहायला माणसं येईनात! १६२२ मध्ये व्हेनिसने कैद्यांना माफी देऊन, घरासाठी फुकट जागा देऊन इथे वसवलं. पाल्मानोवाची ही गोष्ट मला तिच्या ताऱ्याहून मोलाची वाटते. न्योर्डलिंगनमध्ये आधी बाजार होता, तट मागून आला. इथे आधी तट आला, पण लोकांनी पोट कशावर भरायचं? घाट नाही, नदीचा उतार नाही, जुनी पेठ नाही. वस्ती आज्ञेने होत नाही, ती वाटेवर होते. आणि ज्या तुर्कांसाठी एवढं केलं त्यांनी या गावाला कधी वेढा घातलाच नाही.

आज तिथे पाच हजारांच्या आसपास लोक राहतात. मी गेले तेव्हा चौकात पोचल्यावर आधी जरा हिरमुसलेच, कारण तारा कुठेच दिसेना. जमिनीवरून दिसतात त्या गवताने झाकलेल्या मातीच्या लाटा, एकीमागे एक. मग कळलं की तेच तर हवं होतं. लांबून येणाऱ्या तोफखान्याला नेम धरायला भिंतच दिसू नये, म्हणून ती खंदकात बुडवलेली आहे.

प्रश्न: जुन्या तटबंद गावांतल्या गल्ल्या शत्रूला चकवण्यासाठी मुद्दाम वाकड्या ठेवल्या जात, हे खरं का?

उत्तर: सरसकट तसं म्हणता येणार नाही. बहुतेक ठिकाणी गल्ली वाकडी असते कारण ती उताराच्या, ओढ्याच्या किंवा जुन्या पायवाटेच्या मागे मागे गेलेली असते. शिवाय ठरवून वसवलेली मध्ययुगीन गावं सरळ रेषांचीच असायची. नैर्ऋत्य फ्रान्समधलं मोंपाझिए बघा, १२८४ च्या सुमाराचं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड तेव्हा त्या मुलखाचा धनी होता आणि त्याने ते वसवलं. आयताकृती गाव, काटकोनात रस्ते, मध्ये कमानींचा चौक. दोन घरांच्या मध्ये तिथे हातभर रुंदीची फट सोडलेली आहे, पाणी वाहून जावं आणि एका घराची आग दुसऱ्याला लागू नये म्हणून. त्या फटीत मी डोकावून पाहिलं. तळाशी दगडी पन्हळ आणि वर आभाळाची एक चिंधी. या गावाची आखणी करणाऱ्यांना शत्रूइतकीच आगीचीही धास्ती होती.

प्रश्न: नेदरलँड्ससारख्या सपाट देशात गावाचं रक्षण तरी कसं करत? तिथे तर उंचवटाच नाही.

उत्तर: पाण्याने. नार्डन हे त्याचं उत्तम उदाहरण. अ‍ॅमस्टरडॅमकडे पूर्वेकडून येणारी वाट इथे चिंचोळी होते: एका बाजूला त्या काळचा झायडरझी समुद्र, दुसऱ्या बाजूला सखल ओली जमीन, आणि मधल्या कोरड्या, वाळूच्या पट्ट्याच्या तोंडाशी हे गाव. अशा जागेचं मोल शत्रूलाही कळतं, म्हणून तिच्या वाट्याला दुःखही फार आलं. १५७२ मध्ये स्पॅनिश सैन्याने इथल्या रहिवाशांची कत्तल केली. १६७२ मध्ये फ्रेंचांनी गाव घेतलं, दुसऱ्या वर्षी डचांचा सेनापती ऑरेंजचा विल्यम याने ते परत जिंकलं आणि त्यानंतर आजचा सहा बुरुजांचा, दुहेरी खंदकाचा कोट उभा राहिला.

खंदक हा त्यातला छोटा भाग. मोठी युक्ती अशी की शत्रू आला की बांधांची दारं उघडून आजूबाजूची शेतं भरून टाकायची, तीही जेमतेम गुडघाभर पाण्याने. एवढ्या पाण्यात नाव तरंगत नाही, आणि खाली चर कुठे, रस्ता कुठे हे दिसत नाही म्हणून फौजेला चालताही येत नाही. १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य अशाच पाण्यापुढे अडलं. उरलेल्या कोरड्या वाटांवर नार्डनसारखी गावं कुलपासारखी बसवलेली. म्हणजे नार्डन हा एकटा किल्ला नव्हे, पाण्याच्या लांबच लांब कुंपणातली ती एक कडी आहे. नकाशावर नुसतं गाव पाहाल तर ताराच दिसेल. आजूबाजूची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच किंवा खाली आहे तेही सोबत पाहा.

आणखी एक गोष्ट मला तिथे हलवून गेली. १८५३ च्या कायद्याने अशा कोटांभोवती ३००, ६०० आणि १००० मीटरची वर्तुळं आखली गेली. सर्वात आतल्या वर्तुळात बांधायचं तर लाकडी घर, कारण वेढ्याच्या वेळी मारा मोकळा व्हावा म्हणून ते झटकन जाळता यायला हवं. आपलं घर एक दिवस हुकुमाने पेटवलं जाईल हे ठाऊक असून लोक त्यात संसार करत होते. डच कोटांच्या परिसरात अशी काही लाकडी घरं अजून दिसतात.

प्रश्न: युरोपात जवळपास प्रत्येक जुन्या शहराला तट होता म्हणतात. मग काही ठिकाणीच तो शाबूत का? त्या गावांनी वारसा जास्त जपला का?

उत्तर: जपणारे लोक होते, त्यांचं ऋण आहेच. पण मुळात पाडायची गरजच पडली नाही, हे कारण बहुतेक ठिकाणी आधी येतं. शहर वाढलं की तट आवळायला लागतो. मग तो पाडून त्या जागी रुंद रस्ता होतो. ‘बुलेव्हार’ हा शब्दच मुळी डच ‘बोल्वेर्क’वरून, म्हणजे तटाच्या बांधकामावरून आला आहे. जर्मन शहरांत ‘ग्राबेन’ नावाचा रस्ता दिसला तर तिथे खंदक होता असं समजा, फ्रान्समध्ये ‘फोसे’. तट गेला तरी त्याचा वळसा नकाशावर राहतो.

जिथे तट उभा आहे तिथे बहुधा गावाचं कारणच निघून गेलेलं असतं. दक्षिण फ्रान्समधलं एग-मोर्त घ्या. नावाचा अर्थच ‘मेलेलं पाणी’. फ्रान्सचा राजा नववा लुई याला भूमध्य समुद्रावर स्वतःचं बंदर हवं होतं, म्हणून त्याने १२४० च्या सुमारास खाऱ्या दलदलीत ते वसवलं. १२४८ आणि १२७० अशा दोन्ही धर्मयुद्धांना तो इथूनच निघाला. तट त्याच्या मागून, मुलाच्या आणि नातवाच्या काळात पुरा झाला. पण ऱ्होन नदीचा गाळ थांबणार कसा? बंदर भरत गेलं, आणि १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे आल्यावर त्याला मार्सेयसारखं उत्तम बंदर मिळालं. एग-मोर्तची गरज संपली. समुद्र आज काही किलोमीटर दूर आहे, आणि १,६४० मीटरचा तट मिठागरांच्या कडेला अखंड उभा आहे.

तिथल्या कॉन्स्टन्स बुरुजात मारी द्युराँ ही प्रॉटेस्टंट स्त्री १७३० पासून १७६८ पर्यंत कैदेत होती. अडतीस वर्षं, केवळ धर्म सोडायला नकार दिला म्हणून. आतल्या दगडी कठड्यावर ‘विरोध करा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द कोरलेला आहे. तो तिचाच मानतात. भिंत रक्षण करते तशीच कोंडतेही, आणि त्या अक्षरांपुढे वाकून उभं राहिल्यावर माझ्याच्याने लवकर हलवेना.

दक्षिण फ्रान्समधल्याच कार्कासॉनचं वेगळं. तिथे हलली ती सरहद्द. स्पेनची सीमा जवळ होती तोवर त्या ५२ बुरुजांच्या दुहेरी तटाला किंमत होती. १६५९ च्या तहाने सीमा पिरिनीज पर्वताच्या माथ्यावर गेली आणि कार्कासॉन एकदम आतल्या मुलखातलं गाव झालं. व्यापार नदीपलीकडच्या वस्तीत, वर टेकडीवरच्या तटबंद गावात गरिबी आणि पडझड. एकोणिसाव्या शतकात ते पाडायच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि १८५३ पासून वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याने डागडुजी केली. त्याने चढवलेल्या टोकदार छपरांवर खूप टीका झाली. काही छपरं त्या भागाला परकी वाटतात हे मलाही मान्य आहे. पण तो नसता तर वाद घालायला आज काही उरलं नसतं.

सीमेने गाव कसं जन्माला येतं तेही याच नकाशावर आहे. १६९७ च्या तहात फ्रान्सने ऱ्हाइनच्या उजव्या काठावरचं ब्रायझाख सोडलं. लगेच डाव्या काठावर वोबाँ या फ्रेंच दुर्गरचनाकाराने अष्टकोनी नफ-ब्रिझाक आखलं, ४८ चौकोनी गाळ्यांचं. दगड आणायला मुद्दाम कालवा खणला. ते आजही सुमारे दोन हजार वस्तीचं, आपल्या तटात आरामात मावणारं गाव आहे.

प्रश्न: सत्तरीच्या आईला घेऊन जायचं आहे, तिचे गुडघे दुखतात. तटावरून फिरता येईल असं एखादं ठिकाण सुचवाल?

उत्तर: लुक्का, इटलीत. तुमच्या आईंसाठी दुसरा विचारच करू नका. न्योर्डलिंगनच्या तटावर लाकडी जिने चढावे लागतात. लुक्काचा तट मात्र मातीने भरलेला, माथ्यावर चांगल्या रस्त्याएवढा रुंद, आणि वर जायला उतरणी आहेत. ४.२ किलोमीटरची पुरी फेरी सपाट, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, थोड्या थोड्या अंतरावर बाक. थकल्या की बसायचं, पुढच्या उतरणीने खाली यायचं. शत्रूने या तटाची परीक्षा घेतली नाही, ती घेतली सेर्किओ नदीने: १८१२ च्या पुरात वेशी बंद केल्या आणि पाणी बाहेर थोपवलं.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. बुरुजांवर रुंद हिरवळी आहेत, तिथे मुलं खेळत असतात. आईंना गावाच्या बाजूच्या बाकावर बसवा. लोकांच्या परसबागा, दोऱ्यांवरचे कपडे, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या अगदी डोळ्यांच्या पातळीवर येतात. जाऊन आलात की मला जरूर लिहा.